शिवव्वाची गरम पाण्याची पिशवी

हे लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळत आलो. गेल्या महिन्यात सोलापूरजवळच्या कुंभारी गावाहून सिस्टर शिवव्वा गेल्याचा निरोप आला, आणि टाळायला निमित्तही उरलं नाही.

इंग्रजी अमदानीत सोलापुरातल्या एका मिशन दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. नर्सिंग शिकणाऱ्या मुली आधी चिंध्या भरलेल्या बाहुलीवर हात बसवत. पण बाहुलीला दुखत नाही, म्हणून परीक्षेला मेट्रनबाई मला खाटेवर निजवत. मी रोग्याचं सोंग झकास करी... कण्हायचं, पाणी मागायचं. पडद्यामागे मुली हसल्या की मला चेव येई.

शिवव्वा दुधनीची, लहान वयात विधवा झालेली. परीक्षेत तिनं गरम पाण्याची पिशवी आधी स्वतःच्या हातावर लावून पाहिली, फडक्यात गुंडाळली, मग माझ्या तळपायांशी ठेवली. सगळं बिनचूक. तेवढ्यात पडद्यामागे कुणी खुसखुसलं आणि मी "मेलो, भाजलं" म्हणून बोंब ठोकली. मेट्रनबाई धावत आल्या. उबेनं तळवे जरा लाल झाले होते, तेवढं त्यांना पुरलं. शिवव्वाला पुन्हा पहिल्या वर्षात बसवलं. थट्टा होती म्हणावं तर माझी नोकरी जाणार. मी गप्प राहिलो.

संध्याकाळी ती खोबरेलाची वाटी घेऊन आली.

"लई भाजलं का वो अण्णा? मला तर कोमटच लागलं होतं की."

"होईल बरं," मी म्हणालो, आणि तिच्यादेखत न भाजलेल्या पायांना तेल चोळत बसलो.

पुढं ती उत्तम नर्स झाली. पण स्वतःच्या हातावरचा तिचा विश्वास उडाला तो उडालाच. पिशवी भरली की कोपराच्या आतल्या बाजूला इतका वेळ धरून ठेवी, की तिथली कातडी कायमची काळवंडली. नव्या मुलींना तो डाग दाखवून सांगायची, "माझ्या हातनं एक माणूस भाजलंय. तुमी नीट बघून ठेवा." एकदा मी दारातच उभा होतो...

निवृत्तीनंतर दोनदा तिच्याकडे कुंभारीला गेलो, सांगायचंच म्हणून. दोन्ही वेळा तिनंच आधी विचारलं, "पाय कसे हायत अण्णा?" दोन्ही वेळा चहा पिऊन परतलो.

परवा तिच्या भाचीनं खोली दाखवली. खुंटीवर रबरी पिशवी पाणी निथळायला उलटी टांगलेली, बूच दोऱ्यानं बांधलेलं. "न्या की, मावशीची आठवण," ती म्हणाली. माझा हात पुढं झाला नाही.

शिवव्वा, तुझा हात बरोबर होता. पाणी कोमटच होतं.