बाहेरून कुलूप

टँकरचा भोंगा वाजला की जळकोटच्या शिवण संस्थेतल्या सतरा बाया सुया टाकून पळायच्या. शहाऐंशीचा दुष्काळ. घागर रांगेत नसली तर दोन दिवस पाण्याचं नाव नाही. त्यावर कंत्राटदार शांतलिंगनं उपाय काढला. सकाळी बाया आत आल्या की पत्र्याच्या शेडला बाहेरून कुलूप. उघडायचं ते संध्याकाळी.

"शर्ट परदेशात चाललेत, बायांनो! तिथल्या दुकानदाराला तुमची घागर ठाव न्हाय. त्याला तारीख ठाव हाय."

मुक्ताबाई बौद्धवाड्यातली. नवरा रोजगार हमीवर खडी फोडायला, पोरं सासूजवळ. शर्टाला हातानं काजं करण्यात तिच्याइतका बारीक टाका कुणाचा नव्हता. बोलताना सुई दातांत धरायची खोड, त्यामुळं तिचं निम्मं बोलणं कुणाला कळायचंच नाही.

फेब्रुवारीत कोळशाच्या इस्त्रीतून निखारा उडाला आणि शर्टांच्या गठ्ठ्यावर पडला. एकोणीस वर्षांची अयोध्या जवळ होती. तिनं पेटता गठ्ठा हातांनीच लोटला. शेड धुरानं भरलं. बाया दार बडवू लागल्या.

"शांतलिंगदादा! ओ दादा!"

दादा अणदूरला गेलेला, चावी त्याच्या खिशात. प्यायच्या पाण्याची घागर ओतून आग विझली, पण धूर जाईना. मुक्ताबाईनं बसायच्या पाटानं कोपऱ्यातला पत्रा ठोकठोकून वाकवला आणि त्या फटीतून आधी अयोध्याला, मग एकेकीला बाहेर ढकललं. पोरीचे दोन्ही तळवे भाजले होते.

दुसऱ्या दिवशी शांतलिंगनं पत्रा नीट करून घेतला. आणि कुलूप नवं आणलं, आधीच्यापेक्षा मोठं.

आठवड्यानं मुंबईहून कंपनीचे साहेब जीपनं आले. संध्याकाळी ट्रकमध्ये माल चढायचा होता आणि चारशे शर्टांची काजं बाकी होती. त्या दिवशी दार सताड उघडं. संस्थेचे चेअरमन आबाराव चहा घेऊन स्वतः हजर.

मुक्ताबाईनं सुई दातांतून काढली आणि सुया टोचायच्या गादीत खोचून ठेवली.

"काय बाई, थांबलात का?" साहेबांनी विचारलं.

"दार बघायले."

"दाराचं काय? उघडंच आहे की."

"आजच्याला."

शांतलिंग हसला. "साहेब, ही जराशी अशीच हाय."

"अयोध्या, पट्टी सोड," मुक्ताबाई म्हणाली. "दाव साहेबाला."

साहेबांनी हात पाहिले आणि मान वळवली. "वाईट झालं. पण हा कंत्राटदाराचा विषय. कंपनी फक्त तयार माल घेते."

"असं कसं?" शांतलिंग उसळला. "तारीख चुकली तर काम काढून घेतो, हे कुणी लिवलं मला? तुमीच ना!"

"संस्थेनं नुसती जागा दिलीय हां," आबाराव मागं सरकत म्हणाले.

मुक्ताबाईनं एक शर्ट उचलला, कॉलर उलटी केली. "ह्यो बिल्ला कुणाच्या नावाचा?"

"कंपनीच्या."

"शांतलिंगाचं नाव हाय ह्याच्यावर? आबारावांचं?"

"नाही."

"मग शर्ट तुमचा. ज्या दाराआड शिवला ते दार बी तुमचंच. आमी मरायला टेकलो तवा कुणाच्या कुलपात व्हतो, तेवढं सांगा."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "बाई, हे काम आम्ही दुसरीकडंही देऊ शकतो. लक्षात येतंय का?"

शेजारची चन्नम्मा पुटपुटली, "मुक्ताक्का, गप बस गं. लेकरं उपाशी मरतील." मुक्ताबाईनं बिल्ला तसाच साहेबांपुढं धरला.

तेवढ्यात टँकरचा भोंगा वाजला.

एकही बाई उठली नाही. सतरा जणी उघड्या दाराकडं बघत, कुलूप असल्यासारख्या तशाच बसल्या.

"पाणी आलंय ना? जा की," साहेब म्हणाले. कुणी हललं नाही. त्यांनी दाराकडं पाहिलं, मग शांतलिंगकडं. "कधीपासून लावतोस कुलूप?"

चन्नम्मानं हळूच आपली सुई गादीत खोचली. मग गिरिजाबाईनं. मग रांगेनं सगळ्यांनी.

शेवटी साहेबांनी कागद काढला. काम चालू असताना दाराला बाहेरून कुलूप लागणार नाही, जबाबदारी कंपनीची, असं लिहून खाली सही ठोकली. मुक्ताबाई चौथी शिकलेली. तिनं अक्षर न् अक्षर लावून वाचलं.

"ह्या नुसत्या रेघोट्या हायत. पुरतं नाव लिवा. कंपनीचं बी."

त्यांनी लिहिलं. ट्रक रात्री उशिरा हलला.

पुढच्या महिन्यात कापड आलंच नाही. कंपनीचं काम भूमच्या एका शेडला गेल्याचं कळलं. टँकरच्या रांगेत टोमणे सुरू झाले. "मिळालं का उघडं दार? बस आता दारात हवा खात!" चन्नम्मानं बोलणं टाकलं. मुक्ताबाई नवऱ्याबरोबर खडीवर जाऊ लागली.

तिसऱ्या आठवड्यात एक खाडा करून ती निघाली. वाटेत दोन एस्ट्या बदलून भूमला उतरली. विचारत विचारत बाजारामागच्या शेडपाशी पोचली. आत मशिनी धडधडत होत्या. दाराला बाहेरून कुलूप.

तिनं खिडकीचा गज वाजवला.

"कोण गं? काम पायजे का?" आतून एकीनं विचारलं. "जागा न्हाय हितं."

"काम नगं. वाचाया येतं का तुमच्यात कुणाला?"

"मला येतं थोडं. का वो?"

मुक्ताबाईनं कमरेची पिशवी सोडली, साहेबांच्या सहीचा कागद उलगडून गजांना लावला. आतल्या बाईनं तो घ्यायला हात पुढं केला.

"सोडणार न्हाय म्या. असाच वाचा. आन् मोठ्यानं."

ती बाई अडखळत वाचू लागली. तिच्या मागं एकेक मशीन थांबत गेली.