गोटीचा आवाज

१९५६ साल, दिवाळीनंतरचा रविवार, सकाळ. जागा: चिंचवडच्या आमच्या काचकारखान्याच्या फाटकाबाहेरचं मैदान. हजर: युनियनचे अध्यक्ष, म्हणजे पुण्याहून आलेले वकीलसाहेब. सरचिटणीस, म्हणजेच पॅकिंग खात्याचे मुकादम. भट्टीवाले, साचेवाले, पॅकिंगच्या बायका. हजेरी घ्यायला मी, टाइम ऑफिसातला कारकून आणि युनियनचा सहचिटणीस. आणि बायकांच्या पुढच्या रांगेत, फतकल मारून, पदर कमरेला खोचून बसलेली ती. अध्यक्ष म्हणाले, "सरचिटणीसपदासाठी मुकादमांच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करा." तिने दोन्ही हात काखेत घातले आणि मोठ्याने म्हणाली, "मत म्हंजे काय वरात हाय का, वाजतगाजत काढायला?"

हशा झाला. मुकादम हसले नाहीत.

ती मूळची चऱ्होलीची. आमच्या कारखान्यात सोडावॉटरच्या बाटल्या व्हायच्या, गळ्यात काचेची गोटी असलेल्या. तिचं काम त्या बाटल्या गवतात गुंडाळून खोक्यात रचायचं. तान्ह्या पोराला दुपट्यात बांधावं तशी ती बाटली बांधायची आणि तिच्याशी बोलायची, "नीज गं बाई, ठेसनापातूर फुटू नगंस." दिवसभर तिच्या केसांत, लुगड्यात, कानामागेसुद्धा गवताच्या काड्या असायच्या. मला ती नावाने कधी हाक मारत नसे. "यादीवाले, लग्नातबी हजेरी घेतली व्हती का वो? नवरी आली व्हती ना?" असं चारचौघांत विचारायची.

तुम्हीही एखाद्या खात्यात अशी बाई पाहिली असेल. जी गोष्ट सगळे गिळून बसलेले असतात, ती ही सहज बोलून जाते, आणि मग सगळे तिच्यापासून जरा लांब सरकतात.

गिळून बसलेली गोष्ट अशी होती. पॅकिंगच्या बायका रोजंदारीच्या. रोज सकाळी फाटकाशी उभं राहायचं. मुकादम नाव पुकारील ती आत, बाकीच्या घरी. हाच मुकादम युनियनचा सरचिटणीस. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार, अर्ज त्याच्याच हातात द्यायचा. आदल्या वर्षी एका बाईने त्याच्या नावावर हात वर केला नाही. दुसऱ्या दिवशी तिला फुटक्या काचेच्या ढिगावर घातलं. पायाला काच लागून ती घरी बसली, ती पुन्हा पुकारलीच गेली नाही. हे अध्यक्षांना ठाऊक होतं. मीच लेखी दिलं होतं.

तरीही त्या रविवारी वकीलसाहेबांनी भाषण केलं. "आपल्याच बंधूंपासून काय लपवायचं? हात वर करायची हिंमत नसेल तर मालकाशी काय लढणार? गुप्त मतदान आलं की मालकाचा पैसा आला." टाळ्या पडल्या. साहेबांची भाकरी कुणाच्या पुकारण्यावर अवलंबून नव्हती. हिंमतीवर बोलायला त्यांचं काय जात होतं!

ती उठली. "साहेब, संपाला म्या दोन्ही हात वर करीन. तवा समदी संगं असत्यात. पर ज्यानं सकाळी नाव घेतलं तर माजी चूल पेटती, त्याच्याम्होरं त्याच्याच इरुद्ध हात कसा करू? तुमी करून दावा."

भट्टीवाल्यांनी तिची बाजू उचलून धरली. मुकादमाविरुद्ध उभा होता तोही भट्टीवरचाच. गलका वाढला, तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "ठीक आहे. पुढच्या रविवारी पडद्याआड मतदान. फक्त या वेळेपुरतं."

बायकांना वाचता येत नव्हतं. चिठ्ठीऐवजी प्रत्येकाला एक गोटी द्यावी, ही कल्पना तिचीच. सगळ्यांना आवडली. पुढच्या रविवारी पॅकिंगच्या शेडमध्ये गोणपाटाचा पडदा लावला. पेट्या मुकादमाने धाडल्या, बिनझाकणाच्या. त्याची लाकडी, वर बाटलीचं चित्र. भट्टीवाल्याची पत्र्याची, वर फावड्याचं चित्र. दिवसभर गोट्यांच्या खडखडाटात काम करणारे आम्ही, पण गोटी आवाज करते हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पहिला साचेवाला आत गेला. खण्ण!

पडद्याबाहेर मुकादम स्टुलावर बसून तंबाखू मळत होता. त्याने मान वर केली, साचेवाला बाहेर येईपर्यंत बघत राहिला. दुसरा गेला. ठक. मुकादम पुन्हा तंबाखू मळू लागला. रांगेला समजायला वेळ लागला नाही. कालपर्यंत फावड्याच्या आणाभाका घेणाऱ्या बायका एकेक आत जात होत्या. ठक. ठक. एक कोवळी विधवा बाहेर आली ती तोंडावर पदर घेऊनच.

मी अध्यक्षांजवळ गेलो. "साहेब, आवाज ऐकताय ना?"

"कसला आवाज? शांततेत चाललंय सगळं."

तिची पाळी आली. जाता जाता तिने ढिगातून कवळाभर गवत उचललं. कुणाला काही वाटलं नाही, तिच्या हातात गवत नेहमीचंच. आत थोडी सळसळ झाली. गोटीचा आवाज आलाच नाही. ती बाहेर आली. मागची आत गेली. आवाज नाही. तिच्या मागची गेली. नाही. एक भट्टीवाला खुदकन हसला. मुकादमाचा तळहात थांबला. त्याने उठून गोणपाट ओढला. दोन्ही पेट्यांत, आधी पडलेल्या गोट्यांवर, गवत नीट पसरलेलं होतं.

"पेट्यांना हात लावला! मतदान रद्द करा!"

"दोन्हीत सारखंच घातलंय, मुकादम," ती म्हणाली. "बाटल्या निजवतो तशा तुमच्या गोट्या निजवल्या. त्यात तुमची का झोप उडाली?"

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. त्यांना पुण्याची गाडी गाठायची होती. "पेटीत ढवळाढवळ झाली. हात वर करून घ्या."

मी म्हणालो, "निदान पडलेल्या गोट्या मोजा."

"सहचिटणीस, नियम म्हणजे नियम."

कुठला नियम? कुठल्या पानावर? मी आजही विचारतो. पत्र्याची आणि लाकडाची पेटी हा योगायोग होता, असं पुढे मला सांगणारेही भेटले. त्यांच्याशी मी बोलणं सोडलं आहे.

हात वर करायच्या आधी ती मागच्या बायकांकडे वळली. "पोरींनो, माज्या नादाला लागू नगा. माजं पोर कमावतं झालंय, तुमची अजून न्हाईत." मग भट्टीवाल्याचं नाव घेतलं तेव्हा पॅकिंगच्या सबंध रांगेतून तिचा एकटीचा हात वर गेला. कोपरापासून सरळ, गवताच्या काडीसकट. मुकादम निवडून आला. भट्टीवाले ओरडले, मग घरी गेले.

सोमवारी तिचं नाव पुकारलं नाही. भोंगा झाला, फाटक लागलं, तरी ती उन्हात उभी. मी मॅनेजरकडे गेलो. ते म्हणाले, युनियनचा अंतर्गत मामला. युनियनकडे गेलो. ते म्हणाले, कामावर घेणं-न घेणं कंपनीचं. तो आठवडा ती रोज आली. शेवटच्या दिवशी मला म्हणाली, "यादीवाले, मला गैरहजर लिवू नगा बरं. म्या आल्ये." त्यानंतर ती आली नाही. मी चऱ्होलीला जाऊन आलो. शेजारीण म्हणाली, पोराबरोबर कुठल्याशा वीटभट्टीवर गेली. कुठल्या, ते तिला सांगता आलं नाही.

गुप्त मतदान युनियनच्या घटनेत घालायचा ठराव मी तेव्हापासून दरवर्षी वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर घेतो. घटनादुरुस्ती हात वर करूनच मंजूर करावी लागते, आणि त्याआधी एकाने सगळ्यांदेखत उभं राहून अनुमोदन द्यावं लागतं. सूचक मी आहे. या वर्षीची सभा येत्या रविवारी आहे. पॅकिंगमध्ये विचारून झालं, साचेवाल्यांत विचारून झालं. भट्टीवाले म्हणाले, बघू. अनुमोदक अजून मिळालेला नाही.