बाहुलीच्या लग्नाचा मांडव

आमच्या जयाताई कुणाच्या घरी गेल्या की आधी भिंतीची विचारपूस करतात, माणसांची नंतर. दारातून आत शिरता शिरता हाताची पालथी बाजू भिंतीला लावायची, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तशी, आणि मग घरच्या बाईला सांगायचं, "तुमच्या या भिंतीले ताप हाय वो. पाळणा तिकडच्या अंगाले घ्या." अंगणवाडी सेविकेनं पोरांची वजनं करावीत, लसीची आठवण द्यावी, भिंतींची प्रकृती बघायला तिला कुणी सांगितलंय? पण वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेच्या टोकाला आमची वस्ती आहे, तिथं हे वर्षानुवर्षं चालू आहे. आणि त्यांच्या सांगण्यावरून पाळणे हललेही आहेत.

माझं कोपऱ्यावर झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे वस्तीत काय चाललंय ते मला बसल्या जागी दिसतं. इथं माणसाच्या हाती पैसा आला की तो पहिलं काम करतो ते अंगणातलं झाड तोडायचं आणि दुसरं करतो ते स्लॅब टाकायचं. मग मे महिन्यात त्याच स्लॅबखाली कूलरला नाक लावून बसतो आणि वर्ध्याच्या उन्हाला शिव्या घालतो. जणू ऊन परवाच वर्ध्यात राहायला आलंय! मला या शहाणपणाचा मनापासून राग येतो, पण झेरॉक्सवाल्याचं ऐकतो कोण.

अंगणवाडीची खोली तर साऱ्यांवर कडी. वर टिनाचं छप्पर, खिडकी एकच, आणि तीही मावळतीकडे. उन्हाळ्यात अंगणवाडी सकाळची असते खरी, पण तेवढ्यातही टिन असं तापायचं की पोरं खिचडी खायच्या आधी स्वतःच शिजायची. एप्रिल लागला की आया पोरांना पाठवणं बंद करायच्या. त्यांची तरी काय चूक?

यंदा मात्र वरून निरोप आला. हजेरी अशीच राहिली तर ही अंगणवाडी बंद होणार आणि पोरं हायवेपलीकडच्या अंगणवाडीत जाणार. दिवसरात्र ट्रक धावतात त्या रस्त्यावर. तीन-चार वर्षांची पोरं तो ओलांडणार कशी? 

जयाताई घरोघर फिरल्या. खोलीवर सावली करायची आहे, कुणी बल्ल्या, म्हणजे लाकडी वासे द्या, कुणी फांद्या द्या, कुणी नुसते हात द्या. सगळीकडे एकच उत्तर, "सरकारचं काम हाय, सरकार करन."

बल्ल्या होत्या एकट्या रूपरावजींकडे. रूपरावजी म्हणजे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर आणि वस्तीतल्या रीतिरिवाजांचे स्वयंघोषित मालक. कुणाच्या लग्नात हळद आधी लागली, मांडवाचा पहिला खांब म्हणजे मेढ नंतर रोवली गेली, तर हे जेवण न करता उठणार. पावसाआधी गोठा नवा करायचा म्हणून त्यांनी बल्ल्या आणून ठेवल्या होत्या.

"लगनासाठी मांगितल्या असत्या तं नाई म्हटलं नसतं, जयाबाई," ते म्हणाले. "मांडवाले नाई म्हणाची आपल्यात रीत नाई. पण हे काय लगीन हाय?"

जयाताई तिथून तडक अंगणवाडीत आल्या. मदतनीस रामबाई खिचडी ढवळत होत्या. "रामबाई, आपल्याकडे लगीन हाय," जयाताईंनी जाहीर केलं.

"अवो बाप्पा! कोणाचं?"

जयाताईंनी खेळण्यांच्या पेटीतून कापडाचा बाहुला काढला आणि त्याच्या शेजारी बाहुली ठेवली.

उन्हाळ्यात बाहुला-बाहुलीचं लग्न लावणं ही आमच्याकडच्या पोरींची जुनी हौस. मांडव असतो वीतभर, जेवणावळीला चुरमुरे. जयाताईंनी मात्र माझ्याकडून पत्रिका छापून घेतल्या आणि पिवळ्या अक्षता घेऊन पुन्हा घरोघर गेल्या. रूपरावजींची चार वर्षांची नात नंदिनी नवरदेवाची आई झाली. म्हणजे रूपरावजी आपोआप वरपक्षाचे वडीलधारे! हातात अक्षता पडलेल्या, आता नाही म्हणायची सोय नव्हती.

"मांडव केवढा पाह्यजे?" त्यांनी गुरगुरत विचारलं.

"बाहुली लहान हाय जी," जयाताई म्हणाल्या, "वऱ्हाडी काय लहान हायेत?"

मांडवाच्या दिवशी सारी वस्ती लोटली. जी माणसं सरकारी खोलीसाठी बोट हलवत नव्हती, ती लग्नासाठी खांद्यावर बल्ल्या वाहत होती. काही जण कुऱ्हाडी घेऊन झाडांकडे निघाले, तर जयाताई आडव्या आल्या. "सावलीसाठी सावली तोडता काय?" विजेच्या तारांखालच्या कडुनिंबाच्या छाटलेल्या फांद्या रस्त्याकडेला पडल्या होत्या, त्या बैलबंडीत घालून आणवल्या. जांभळीचा एक डहाळा तेवढा रीतीपुरता घेतला. मांडव आख्ख्या छपरावरून पुढे अंगणापर्यंत आला, पण टिनाला टेकवला नाही. मध्ये हातभर मोकळी जागा ठेवली. "मधातून हवा जाऊ द्या. टिनालेबी दम घेऊ द्या," असं जयाताईंचं चाललं होतं. मावळतीच्या खिडकीपुढे रामबाईंनी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा कूड उभा केला आणि शेणामातीनं लिंपला.

दुसऱ्या दिवशी जयाताईंनी भिंतीला हात लावला आणि लहान पोरीसारख्या हसल्या. ताप उतरला होता. आठवडाभरात सगळी पोरं परत आली. पोरांच्या मागून आया आल्या, आयांच्या मागून निवडायच्या गहू-डाळीची सुपं आली. मीही दुकानातली खुर्ची तिकडे नेली. गिऱ्हाइकांना सांगून ठेवलं, झेरॉक्स हवी असेल तर मांडवात या.

आता अडचण एकच होती. लग्न लागलं की मांडव उतरणार. आणि मेढ एकदा रोवली की लग्न लागल्याशिवाय उपटायची नाही, हा रूपरावजींचाच कायदा. तेव्हा जयाताई मुहूर्त पुढे ढकलू लागल्या. एकदा नवरदेवाला ऊन लागलं. एकदा नवरीचं पोलकं शिवून झालं नव्हतं. मग नवरीचा मामा सुरतेला अडकला. तोवर पाला वाळायचा, आणि रूपरावजी ओरडायचे, "वाळल्या मांडवात लगीन लावता काय? लोक काय म्हणतीन!" मग स्वतःच बंडी जुंपून हिरव्या फांद्या आणायचे. जयाताई पदराआड हसायच्या. मला तर हसू लपवायला पदरही नव्हता.

मधे पर्यवेक्षिका मॅडम येऊन गेल्या. भरलेली अंगणवाडी पाहिली, मांडवात गरजेपेक्षा जास्त वेळ टेकल्या. "जूनमध्ये पुन्हा येते," त्या म्हणाल्या, "तेव्हाही पोरं अशीच दिसली तर बंद करायचा प्रश्नच नाही."

पण रूपरावजींचा धीर सुटला. "पोराचं लगनाचं वय निंघून चाललं," म्हणत त्यांनी मे अखेरचा रविवार ठरवला. लग्न झालं की दुसऱ्या दिवशी बल्ल्या त्यांच्या गोठ्यावर. जयाताईंच्या सबबी संपल्या होत्या. त्यांनी मान डोलावली आणि घरी जाऊन रडल्या, असं रामबाईंनी मला सांगितलं.

रविवारी रूपरावजींनी नवीन रीत काढली. नवरदेव परगावचा पाहिजे! वस्तीतल्या वस्तीत वरात कसली? म्हणून ते नंदिनीला आणि बाहुल्याला घेऊन हायवेपलीकडे गेले, तिथून वरात येणार होती. आम्ही मांडवात वाट पाहत बसलो. ते आले तेव्हा नंदिनी त्यांच्या कडेवर होती, आणि रूपरावजींचा चेहरा पार उतरला होता. वाजंत्री थांबवा म्हणाले. 

भटजी मी होतो. अंतरपाट धरायच्या निमित्तानं त्यांच्याजवळ सरकलो आणि हळूच विचारलं, "काय झालं, काकाजी?"

"रस्त्यावर बाहुला पडला हिच्या हातून," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. "हे धावली त्याच्यामागं. फ्राक धरून वढली म्या. ट्रक गेला." मग नंदिनीला दुसऱ्या कडेवर घेत म्हणाले, "जिंदगी गेली माही डायवरच्या थ्या सीटवर. तिथून एवढंसं लेकरू दिसत नाई बावा."

 मांडव खचाखच भरला होता, लोक अक्षता धरून उभे होते. मी घसा साफ केला, मंगलाष्टकं म्हटली आणि शेवटच्या सावधानाशी आलो.

"थांबा!" रूपरावजी गरजले. "लगीन होत नाई."

 जयाताईंनी विचारलं, "काऊन जी?"

"नवरदेव रुसला हाय."

"काय पाह्यजे त्याले?"

"त्याले इचारा." त्यांनी बाहुला उंच धरला. "काय पाह्यजे थे त्यानं सोताच्या तोंडानं सांगाव. थो बोलत नाई तवर लगीन नाई, आन् लगीन नाई तवर कोणी मेढीले हात लावाचा नाई. रीत हाय आपली!"

आधी कुणाला काही उमगलं नाही. मग रामबाई खुदकन हसल्या आणि हसू साऱ्या मांडवात पसरलं. जयाताई मात्र सगळ्यांसमोर रडल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला त्यांच्याबद्दल काही गमतीचं सुचलं नाही. जेवण तेवढं झालं, कारण वऱ्हाड रुसलं नव्हतं.

पाऊस यायच्या आत रूपरावजींनी मांडव गवतानं शाकारून घेतला. जूनमध्ये मॅडम आल्या, पोरं पाहिली आणि अंगणवाडी इथंच राहील, असं सांगून टाकलं. जाता जाता फळीवर बसवलेला नवरदेव दिसला, तेव्हा त्यांनी हसून विचारलं, "मग लग्न कधी लागणार?"

रूपरावजींनी बाहुला उचलला, त्याच्या तोंडाला कान लावला, डोळे मिटून बराच वेळ ऐकलं आणि मान हलवली.

"नाई बोलून राह्यला, म्याडम."