वहिनीच्या मापाचा खेळ

माझी धाकटी नणंद खेळ बनवते असं सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे सोंगट्या वगैरे?" नाही हो. कंपन्या मॉलमध्ये जाहिरातीचे कार्यक्रम करतात ना, तिथल्या मोठ्या पडद्यावरचे खेळ. नोकरी सोडल्यावरचं तिचं पहिलंच स्वतंत्र काम एका साबणाच्या कंपनीसाठी होतं. पडद्यावर बुडबुडे तरंगणार, समोरच्याने हवेत हात मारले की वरचा कॅमेरा ते टिपणार आणि बुडबुडे फुटणार, दहा फोडले की एक वडी बक्षीस. कार्यक्रम रंगला तर वर्षभराची कामं तिलाच, असं कंपनीच्या बाईंनी कबूल केलं होतं.

महिनाभर आमचा दिवाणखाना बुडबुड्यांनी भरलेला. माझा नवरा, सासरे आणि ती, तिघंही ताडमाड, पडद्यापुढे हात झाडत उभे. मला हाक आली की मी म्हणे, "कुकर लावलाय!"

कार्यक्रमाच्या सकाळी मी तिचा डबा घेऊन गेले. मॉल उघडायला तासभर होता.

"वहिनी, तू पण फोड ना!"

मी बाह्या सरसावून हात मारले. एकही फुटेना.

"जोरात मार!"

"अगं, बुडबुडा आहे की दगड?"

तिने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तिचा चेहराच उतरला. "वहिनी, कॅमेऱ्याला तू दिसतच नाहीयेस." घरातल्या तीन उंटांच्या मापाने तिने कॅमेरा बसवला होता. "आता पोरं येतील, आज्या येतील... वाट लागली माझी!"

"रड नंतर. आधी तो कॅमेरा खाली वाकव."

मग तासभर मी मोजपट्टी. सरळ उभी राहा, उकिडवी बस, आता गुडघ्यांवर. दारं उघडली तेव्हा मी गुडघ्यांवरच होते आणि दहावा बुडबुडा नुकताच फुटला होता.

रांगेत पहिली एक पाठीत वाकलेली आजी. काठी नवऱ्याच्या हातात कोंबून तिने असे हात फिरवले की दहाचे चौदा झाले. "अजून एकदा!" मागून पोरं ओरडली, "आजी, आमचा नंबर!" कंपनीच्या बाई हसून हसून टाळ्या पिटत होत्या.

संध्याकाळपर्यंत वड्या संपल्या, वर्षाचं काम पक्कं झालं. बाईंनी विचारलं, "लहानथोर सगळ्यांना जमेल असं कसं बसवलंत हो?"

"आमच्याकडे त्यासाठी खास माणूस आहे," नणंद गंभीर चेहऱ्याने म्हणाली.

त्या खास माणसाचे गुडघे पुढे दोन दिवस ठणकत होते. तिनेच बसून चेपून दिले, आणि चेपता चेपता हळूच विचारलं, "वहिनी, पुढच्या खेळासाठी थोडं रांगशील का गं?"