काकीच्या दाराची डहाळी

कडुलिंबाचा पाला चुरला की चाकणजवळचं आमचं गाव आठवतं. घरात देवी आल्या की दाराला लिंबाची डहाळी बांधत, मग कुणी आत येत नसे. शेजारच्या काकीनं मात्र देवी आलेलं पोर लपवलं आणि आमची तान्ही बहीण मांडीवर खेळवली. मला लस टोचलेली होती. बहिणीला टोचायला डॉक्टर आला तेव्हा पाळणा रिकामा होता. महिन्यानं काकीच्या दुसऱ्या पोरालाही फोड आले, पण लेकीचं लग्न होतं; दार पुन्हा मोकळंच. वऱ्हाडाच्या बैलगाड्या दिसताच मी तिच्या चौकटीला डहाळी बांधली. "काय करतीस गं? काढ ती!" काकी किंचाळली. "देवी हायत नव्हं घरात?" मी मोठ्यानं विचारलं. गाड्या वळल्या. गाव अजून म्हणतं, पोरीनं वऱ्हाड वाचवलं. मी कुणाला वाचवायला गेलेच नव्हते.