बांगडीतल्या पिना

आज बांगडीत सेफ्टी पिन अडकवताना आनंदनगरचा कारखाना आठवला. अंतराळातलं क्षीण चुंबकत्व मोजणाऱ्या यानासाठी आम्ही पितळी स्क्रू बनवायचो. त्यात लोखंडाचा कणही चालत नसे. प्रत्येक स्क्रू होकायंत्राजवळ धरून सुई हलत नाही ना, हे बघायचं माझं काम. हाताला दिवसभर पितळेचा वास.

आई गेल्यानंतर पहिल्यांदा कामावर गेले, तर प्रत्येक स्क्रूला सुई हलायला लागली.

"ताई, अख्खा लॉट रिजेक्ट होईल," सुपरवायझर म्हणाले. मग त्यांचं लक्ष माझ्या मनगटाकडे गेलं.

हेंद्रेपाड्याच्या घरातून निघताना आई रोज विचारायची, "पिना काढल्यास का गं?"

पिना काढल्या. सुई जागची हलेना.

कारखाना सुटून वर्षं झाली, तरी कुलूप लावण्याआधी मी दारात जराशी थांबते.