बाभळीच्या चढावर

ती गाडी आम्हाला स्वस्तात मिळाली, कारण तिच्यात माणूस मेला होता. जुनी डिझेल पिकअप, पत्रा ठिकठिकाणी गंजलेला, पण इंजिन धडधाकट. बघायला येणारा प्रत्येक जण इंजिनाची तारीफ करायचा आणि सौदा ठरायची वेळ आली की चहा पिऊन निघून जायचा. आमच्या ह्यांनी मात्र तिच्याभोवती एक फेरी मारली, बोनेट उघडून कान लावला आणि म्हणाले, "इंजिनाला काय म्हाईत, कोन मेलं अन् कोन जगलं?" आज ती आमच्या अंगणात कडुलिंबाखाली उभी असते. तिचं ऑइल मी बघते, फिल्टर मी धुते, रेडिएटरला पाणीही मीच घालते. फक्त सीटखाली हात घालत नाही.

हे साखर कारखान्याला ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होते. त्या साली उसालाच पाणी नव्हतं, त्यामुळे कारखान्याचं धुराडं पेटलं न पेटलं तोच थंड झालं. मी गावातल्या महिला दूध संस्थेची सचिव. शेतं करपलेली, विहिरी कोरड्या, प्यायला टँकरचं पाणी. गावाच्या चुली पेटत होत्या त्या दुधावर. ते दूध सकाळी कॅनमध्ये भरून कडा गावाच्या रस्त्यावरच्या शीतकरण केंद्रात पोचवायचं काम संस्थेनं आमच्या गाडीला दिलं. अट एकच होती, दूध नासता कामा नये. नासलं तर केंद्र परत पाठवणार, बायकांच्या तोंडचा घास जाणार आणि काम दुसऱ्याच्या गाडीला मिळणार. आमच्या घरात दुसरी मिळकत नव्हती.

गाडी घरी आली तेव्हा तिच्या आरशाला लिंबू-मिरची, मागे जुनी चप्पल आणि बंपरला काळी बाहुली होती. ह्यांनी तिन्ही काढून टाकली. सासऱ्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच आमच्या घरातून हे सगळं गेलं होतं. पण जे काढता येत नव्हतं ते राहिलंच. ड्रायव्हरच्या सीटला एक खड्डा पडला होता, आणि तो आमच्या ह्यांच्या मापाचा नव्हता. मी त्यात गोधडीची घडी घातली. चार दिवसांत गोधडी दबली आणि खड्डा जसाच्या तसा वर आला. आरसा कितीही फिरवला तरी रस्त्यावरच्या खड्ड्यातून गाडी गेली की तो खाली झुकायचा, जणू बुटक्या माणसाला दिसावं म्हणून. उन्हानं केबिन तापली की तंबाखूचा वास सुटायचा. हे तंबाखू खात नाहीत.

गावाबाहेर एक लांब चढ आहे, मध्यावर बाभळीचं झाड. गाडीचा आधीचा ड्रायव्हर, वरच्या वस्तीवरचा पोरगा, तिथंच गेला होता. ह्याच गाडीवर पाण्याची टाकी ठेवून वस्त्यांना पाणी पोचवायचा. एका दुपारी चढावर त्यानं गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला, स्टेअरिंगवर डोकं टेकवलं आणि उठलाच नाही. इंजिन चालू होतं. डिझेल संपेपर्यंत ते चालूच राहिलं.

पहिल्या आठवड्यातच आमची गाडी नेमकी त्या बाभळीपाशी ठसकली, खोकली आणि बंद पडली. हे म्हणाले, "डिझेलच्या लायनीत हवा शिरली." खाली उतरून फिल्टरवरचा बोल्ट ढिला केला आणि मला फिल्टरजवळचा छोटा हातपंप मारायला लावलं. पंप मारला की बोल्टच्या कडेनं आधी फेस येतो; फेस संपून निखळ डिझेल आलं की बोल्ट आवळायचा. आवळला, गाडी चालू झाली. ह्यांची मान ताठ. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच. तिसऱ्या दिवशीही. सपाटीला नाही, परतीच्या वाटेवर नाही, फक्त दुधानं भरलेली असताना, त्या चढावर, त्या झाडापाशी.

मी भूत मानत नाही. तरी इंजिन बंद पडलं की तिथं जी शांतता पसरायची, तिची मला भीती वाटायची. तापलेल्या कॅनची झाकणं टिकटिक वाजायची, बाभळीच्या शेंगा वाऱ्यानं हलायच्या, आणि मी त्या सीटकडे पाठ करून उभी राहायचे. आमच्या घरातल्या सुनेनं भुताला भ्यावं म्हणजे हसंच, म्हणून ही भीती कुणापाशी बोलून दाखवली नाही.

आणि मग वरच्या वस्तीवरून त्या मेलेल्या पोराची आई धावत यायची. हातात पाण्याचा तांब्या. पाण्यासाठी टँकरखाली डोकी फुटत होती त्या दिवसांत ही बाई भरला तांब्या घेऊन उतरायची आणि म्हणायची, "गाडीला पाजा. तापली आसंल."

एकदा मी विचारलं, "मावशी, रोज कशाला पळत येता? पडाल की."

ती बाभळीखाली टेकली. "त्या दिशी आवाज चालू व्हता, बाई. मी म्हनलं, लेक आला, बसला आसंल कुनाशी बोलत. मी आपली भाकरी थापत बसले. आवाज हाय तवर लेक हाय, दुसरं काय वाटंल मानसाला? पार दिस कलला, आवाज बंद झाला, तवा मी खाली आले." तिनं पदरानं तांब्याचा काठ पुसला. "आता बंद पडली की मी बसत न्हाई. लगेच निगते."

ह्यांनी तिच्या हातून तांब्या घेतला आणि रेडिएटर भरलेला असूनही त्यात ओतला. पाणी काठावरून सांडून मातीत गेलं. एरवी थेंब सांडला तर मी घर डोक्यावर घेते. त्या दिवशी रिकामा तांब्या पुसून तिच्या हाती दिला.

चैत्राचं ऊन चढलं आणि एके सकाळी व्हायचं तेच झालं. चढावर फार वेळ गेला, केंद्रात दूध आंबट निघालं आणि सगळे कॅन परत आले. संध्याकाळी संस्थेत बायका जमल्या. अध्यक्षीणबाई माझ्याशी एरवी प्रेमानं वागणाऱ्या, पण त्या दिवशी त्यांनी तुकडा पाडला. "त्यो पोरगा गाडी धरून ठिवतो. तुमी लिंबू बांधा, नारळ फोडा, न्हाईतर आमी दुसरी गाडी बघतो. येक लिंबू बांधायला तुमचं काय जातंय?"

माझं काय जात होतं ते त्यांना सांगून कळलं नसतं. सासऱ्यांनी देव्हारा उचलला तेव्हा त्यांना गावानं विहिरीवर येऊ दिलं नव्हतं. त्यांनी जे सोडलं ते मी लिंबाच्या रूपानं पुन्हा दारात टांगणार नव्हते. मी फटकन म्हटलं, "चार दिवस द्या. भूत धरून आणते तुमच्यापुढं." बोलून तर गेले, पण भूत कुठून धरायचं ते मलाच ठाऊक नव्हतं.

ह्यांनी फिल्टर बदलला होता, पाईप बदलले होते, नगरहून नवे वॉशर आणून बसवले होते. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा तो सगळा कारभार. पुढच्या सकाळी चढावर गाडी बंद पडली तेव्हा मी चिडून म्हटलं, "रोज हवा, हवा! ही हवा सपाटीला कुठं जाते?" ह्यांनी आधी चढाकडे पाहिलं, नंतर मागं डिझेलच्या टाकीकडे. मग त्यांनी पंपाला हात न लावता टाकीकडून येणारा पाईप सोडला, तोंडात धरला आणि उलटी फुंकर मारली. गाल फुगले, डोळे लाल झाले, आणि एकदम टाकीत बुडबुडे वाजले. ते डिझेल थुंकत हसले. "टाकीत काय तरी हाय. चढाला मागं सरकतं अन् पाईपाच्या तोंडाला चिकटतं. गाडी थांबली की सुटतं. हवा कसली अन् काय कसली!" म्हणजे आजवर आमचा पंप मारणं आणि गाडी चालू होणं, हे कावळा बसायला आणि फांदी मोडायला असं होतं.

घरी येऊन आम्ही टाकी उतरवली. डिझेल बादलीत काढलं, आणि मी वाकवलेली तार आत घालून ढवळायला लागले. तारेला काहीतरी जड लागलं. मी ओढलं, तसं ते लोळागोळा होऊन बाहेर आलं. मी पिळून ते उलगडलं. दस्ती होती, खांद्यावर टाकायचा मोठा रुमाल. टाकीचं झाकण हरवलं की सगळेच तिच्या तोंडात असा बोळा कोंबतात. कधीतरी गचक्यानं तो आत पडला असणार.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! ती तशीच ओली दस्ती घेऊन मी संस्थेत गेले आणि दूध घालायला आलेल्या बायकांपुढं धरली. "हे घ्या तुमचं भूत! लिंबू कुठं बांधू, सांगा!" बायका हसल्या. अध्यक्षीणबाईसुद्धा हसल्या आणि म्हणाल्या, "बरं बाई, जितलीस. गाडी तुमचीच." तेवढ्यात वरच्या वस्तीवरची एक जण पुढं आली आणि तिनं दस्तीची कड बोटांत धरली. चारी बाजूंनी हातशिलाईची हिरवी टीप होती, डिझेलनं काळवंडलेली.

"ही तर मावशीच्या हातची," ती म्हणाली. "लेकाच्या समद्या दस्त्यांला अशीच टीप घालायची." मी वर धरलेली दस्ती खाली घेतली.

मी ती सोड्यानं धुतली, वाळत घातली. वास गेला नाही. माझ्या मनात असं होतं की उद्या चढावर ती मावशीच्या हाती द्यायची आणि समजावून सांगायचं, मावशी, तुमचा लेक गाडी अडवत नव्हता, हा बोळा अडवत होता. आता उगाच पळत येऊ नका.

दुसऱ्या सकाळी मी दस्तीची घडी मांडीवर घेऊन बसले. गाडी चढाला लागली. इंजिनाचा आवाज एकसारखा, कुठं ठसका नाही. ह्यांनी माझ्याकडे बघून भुवई उडवली. बाभूळ आली. मी वर वस्तीकडे पाहिलं. म्हातारी पायवाटेच्या तोंडाशी उभी होती, हातात तांब्या, मान तिरकी करून ऐकत. एक पाऊल पुढं टाकलं, मग मागं घेतलं. आवाज चालू होता. आवाज चालू असताना एकदा ती घरात बसून राहिली होती. आता उतरावं की बसावं, ते तिला कळत नव्हतं.

मी दस्ती सीटखाली सारली, अगदी आत, हाताला लागणार नाही अशी.

"थांबवा," मी म्हटलं.

"आगं, चालली हाय की नीट! दूध हाय मागं."

"थांबवा म्हनते ना."

ह्यांनी वर पाहिलं. हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. मागं कॅनची झाकणं टिकटिकू लागली. मग वरून खडे घरंगळत आले, आणि धापा टाकत येणारा तिचा आवाज.

"आले रे, आले! आज न्हाई बसले. आले!"